मापात पाप

आमच्या भाईंदरला स्टीलची भांडी बनतात आणि दुकानात ती वजनावर मिळतात. मागे एकदा आईबरोबर पातेलं घ्यायला गेलो होतो. दुकानातल्या पोऱ्यानं पातेलं इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं, पण आकडा काही ठरेना. शेवटचे अंक आपले खाली-वर, खाली-वर. आईनं पातेलं उतरवायला लावलं. रिकाम्या काट्यावरही शून्य नव्हतं; कधी चार ग्रॅम, कधी सात. तिनं एकदा वर पाहिलं आणि म्हणाली, "बाळा, आधी तो पंखा बंद कर." पंखा थांबला, काटा शून्यावर आला, पातेलं पुन्हा चढलं आणि दोन-तीन रुपये उतरले. पोऱ्या ओशाळला. खरं तर बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पाप पंख्याच्या वाऱ्यात होतं.

'मापात पाप' म्हटलं की आपल्याला लबाड दुकानदार आठवतो. पण माप चुकायला लबाडी लागतेच असं नाही, हे विज्ञानात काम करणारी माणसं जितकी जाणतात तितकं क्वचितच कुणी जाणत असेल. त्यांच्या पुस्तकांतही दीड दशकभर असाच एक न ठरणारा आकडा बसून होता : २.९८४. निसर्गात न्यूट्रिनो नावाच्या कणाचे प्रकार किती, या प्रश्नाचं ते मोजून काढलेलं उत्तर. प्रकार मोजायचे म्हणजे पूर्णांक यायला हवा. घरात माणसं तीन असतात, दोन पूर्णांक नऊशे चौऱ्याऐंशी सहस्रांश नसतात. मोजणीतल्या चुकीची मर्यादा होती ०.००८ आणि कमी पडत होते ०.०१६, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. अशा फरकाला भौतिकशास्त्रज्ञ 'दोन सिग्मा' म्हणतात. निव्वळ योगायोगानं एवढा फरक साधारण वीस वेळांत एकदा पडतो. गाजावाजा करण्याइतका तो मोठा नव्हता, पण दुर्लक्ष करण्याइतका लहानही नव्हता. या फटीतून नवं भौतिकशास्त्र डोकावत असेल का, याचा विचार करणारे शोधनिबंध येत राहिले. शेवटी सापडला तो पंखाच. आणि ज्या वजनमापाला त्याचा वारा लागत होता, त्या मापाला एका मुंबईकराचं नाव आहे.

आधी हा आकडा आला कुठून ते पाहू. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात 'लेप' नावाचं यंत्र चालत होतं. जमिनीखाली सुमारे २७ किलोमीटर परिघाचं वर्तुळाकार भुयार. सरळ केलं तर चर्चगेटहून अंधेरी ओलांडून गोरेगावच्या आसपास पोचेल एवढं. त्यात इलेक्ट्रॉन एका दिशेनं आणि त्यांचे प्रतिकण असलेले पॉझिट्रॉन उलट दिशेनं धावत आणि चार ठिकाणी त्यांची टक्कर होई. त्या चार ठिकाणी चार प्रयोग होते : अलेफ, डेल्फी, एल-थ्री आणि ओपल. यांतल्या एल-थ्रीमध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, गट सामील होता. चर्चगेटला उतरून नेव्ही नगरची बस पकडली की शेवटच्या टोकाला समुद्राकाठी जी शांत इमारत दिसते, तीच ही संस्था.

टकरीची ऊर्जा अचूक जुळवली की 'झेड' नावाचा जड कण तयार होतो. तो क्षणाच्या अब्जांशाच्याही अब्जांशापेक्षा पुष्कळ कमी वेळ टिकतो आणि फुटतो. फुटण्याचे मार्ग अनेक. दहापैकी सुमारे सात वेळा तो क्वार्क नावाच्या कणांच्या जोडीत फुटतो, एक वेळ इलेक्ट्रॉन किंवा त्याच्या भावंडांच्या जोडीत, आणि उरलेल्या दोन वेळा न्यूट्रिनोंच्या जोडीत. न्यूट्रिनो हा कण अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो तरी कुणाला पत्ता लागत नाही. प्रयोगातल्या यंत्रांनाही लागत नाही. मग न दिसणाऱ्या मार्गांची संख्या मोजायची कशी?

मीरा-भाईंदरकरांना टाकी रिकामी होण्याचं गणित समजावून सांगायला नको. टाकीला जितके नळ, तितकी ती लवकर संपते. दोन नळ डोळ्यांसमोर वाहत असतील आणि टाकी मात्र पाच नळांच्या वेगानं उतरत असेल, तर तीन गळत्या भिंतीआड आहेत हे न पाहताच कळतं. झेडचंही तसंच. फुटण्याचा प्रत्येक जास्तीचा मार्ग त्याचं आयुष्य कमी करतो. आणि पुंज भौतिकीचा नियम असा की कणाचं आयुष्य जितकं कमी, तितकं त्याचं वस्तुमान पसरट. टकरीची ऊर्जा थोडी थोडी वाढवत किती झेड दिसतात याचा आलेख काढला, तर एक डोंगर उभा राहतो. भिंतीआडचे नळ जास्त असतील तर डोंगर बुटका आणि रुंद होतो, कमी असतील तर उंच आणि निमुळता. ऑक्टोबर १९८९ मध्ये, यंत्र सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, लेपच्या चारही प्रयोगांनी डोंगराची पहिली मापं जाहीर केली आणि न्यूट्रिनोचे प्रकार तीनच, चौथ्याला जागा नाही, हे स्पष्ट झालं. पुढच्या वर्षांत एकूण १ कोटी ७० लाख झेड नोंदले गेले. २००६ मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात तो आकडा : २.९८४०, चूकमर्यादा ०.००८२.

आता मापाकडे येऊ. डोंगराची उंची म्हणजे काय? इतक्या टकरींमागे इतके झेड, हे प्रमाण. झेड तर मोजले, पण दोन्हीकडचे कण समोरासमोर किती दाटीनं आले, टकरीची संधी किती वेळा मिळाली, हे कोण सांगणार? त्यासाठी एक अशी घटना हवी की जिचा दर कागदावर अगदी नेमका काढता येतो. तशी एक घटना आहे : इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना जेमतेम खेटून, दिशा किंचित बदलून पुढे निघून जातात. या खेटून जाण्यांची मोजदाद करायची आणि त्यावरून बाकी सगळ्याचा भाव ठरवायचा. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं एक किलोचं वजन ठेवून दुकानातला काटा तपासतात, तसंच.

या घटनेला जगभर 'भाभा विखुरण' म्हणतात. होमी जहांगीर भाभा १९०९ मध्ये मुंबईत जन्मले. इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावं अशी घरच्यांची इच्छा होती, म्हणून ते १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी इंजिनिअरिंगची परीक्षा चांगल्या रीतीनं पार पाडली आणि मग आपल्या आवडीच्या वाटेला लागले. पॉझिट्रॉन प्रत्यक्ष सापडला १९३२ मध्ये. तीनच वर्षांनी, पंचविशीतल्या भाभांनी त्याची आणि इलेक्ट्रॉनची गाठ पडली तर काय होईल याचं गणित मांडलं. ते १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्यातला मुद्दा असा : हे दोन कण एकमेकांच्या ओढीनं दिशा बदलून पुढे जातात ही एक शक्यता. दोघं एकमेकांना पूर्ण नष्ट करतात आणि त्या ऊर्जेतून क्षणात नवी जोडी जन्मते ही दुसरी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही, आणि म्हणूनच हिशेबात दोन्ही एकत्र धरल्या पाहिजेत. इतक्या लहान वयात इतकं नेमकं काम! पुढे अणुऊर्जा, संस्था, राजकारण यांच्या धबडग्यात भाभांचं हे रूप आपण विसरलो. शाळेच्या पुस्तकातले भाभा म्हणजे अणुभट्टीसमोरचे भाभा. कण धडकवणाऱ्या प्रयोगशाळांत मात्र त्यांचं नाव रोज घेतलं जातं, तेही एखाद्या वजनमापाचं घ्यावं इतक्या सहजपणे.

लेपमध्ये हे भाभा विखुरण मोजणारी उपकरणं टकरीच्या जागेपासून काही मीटरवर, कणांच्या नळीला अगदी खेटून बसवलेली होती. खेटून जाणारे कण फार लहान कोनातून निघतात आणि कोन जितका लहान तितकी त्यांची संख्या झपाट्यानं वाढते. त्यामुळे उपकरणाची आतली कड नेमकी कुठे आहे, याला अतोनात महत्त्व. ती कड काही मायक्रॉन जरी इकडची तिकडे धरली, म्हणजे केसाच्या जाडीच्या छोट्या हिश्शाएवढी, तरी मोजणी बिघडते. या लोकांनी ती कडही तेवढ्या बारकाईनं मोजली होती. आणि तरीही पाप राहिलं.

ते कुठे राहिलं हे सांगण्याआधी, या मंडळींनी कुठली कुठली पापं आधीच पकडली होती ते सांगायलाच हवं. त्यातल्या दोन गोष्टी तर भाईंदरच्या माणसाला हमखास आपल्या वाटतील.

झेडचं वस्तुमान मोजायचं तर टकरीची ऊर्जा नेमकी माहीत हवी. पण लेपमधली ऊर्जा दिवसभरात थोडी वर-खाली होत असे, कधी यंत्रात काहीही न बदलता. शंका चंद्रावर गेली. चंद्र समुद्राला ओढतो हे उत्तनच्या कोळ्यांना आणि आमच्याकडच्या मिठागरांत राबणाऱ्यांना पंचांग न उघडता कळतं. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण कधी आणि अष्टमीची भांगाची भरती कधी, यावरच त्यांची कामं ठरतात. पण चंद्र खडकालाही ओढतो, हे आपल्याला जाणवत नाही. जिनिव्हाची जमीन पौर्णिमेच्या भरतीला सुमारे पाव मीटर उचलली जाते. सगळा परिसर एकत्रच उचलला जात असल्यानं घरं पडत नाहीत, पण २७ किलोमीटरचं भुयार साधारण एका मिलिमीटरनं ताणलं जातं. धावणाऱ्या कणांना तो मिलिमीटर कळतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये पौर्णिमेच्या सुमारास मुद्दाम रात्रभर मोजणी केली, तर ऊर्जेचा आलेख चंद्राच्या भरती-ओहोटीच्या आलेखावर तंतोतंत बसला. पावसानं आणि जिनिव्हाच्या सरोवरातल्या पाण्याच्या ओझ्यानंही भुयार आक्रसत-पसरत होतं.

दुसरी गोष्ट लोकलची. म्हणजे जवळजवळ लोकलचीच. १९९५ मध्ये चुंबकांत नवे मोजमापक बसवले, तेव्हा दिसलं की दिवसा चुंबकीय क्षेत्र सारखं थरथरतं आणि हळूहळू चढत जातं. मध्यरात्रीनंतर मात्र सगळं गप्प होतं, आणि पहाटे साडेचारच्या सुमारास थरथर पुन्हा सुरू. मुंबईच्या माणसानं हे वेळापत्रक एका दमात ओळखलं असतं! त्यांना थोडा वेळ लागला. जिनिव्हाहून फ्रान्सकडे जाणाऱ्या रेल्वेचा परतीचा वीजप्रवाह रुळांतून थोडा जमिनीत झिरपत होता आणि वाटेत लेपची धातूची नळी सापडली की तिच्यातून पुढे जात होता. पॅरिसला निघालेल्या टीजीव्ही गाडीनं वेग घेतला की तिचा झटका भुयारात उमटे. ती रेल्वे १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर चालत होती. आपल्या पश्चिम रेल्वेवरच्या लोकलही वर्षानुवर्षं याच १५०० व्होल्ट डीसीवर धावत. डीसी सोडून एसीवर जाण्याचं काम इथे २०१२ मध्ये पुरं झालं.

चंद्र, सरोवर, रेल्वे हे सगळं वजा करून झेडचं वस्तुमान निघालं ९१,१८७.५ एमईव्ही, चूकमर्यादा फक्त २.१. एमईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचं एकक. प्रोटॉन साधारण ९३८ एमईव्हीचा. म्हणजे लाखात दोन-सव्वादोन इतकीच चूक.

एवढा अट्टहास कशासाठी? अचूकतेचा छंद म्हणून नव्हे. जो कण तयार करायला यंत्राची ताकद पुरत नाही, त्याचीही चाहूल बारीक मापात लागते. आमचं जुनं घर रुळांपासून जवळ होतं. खिडकीतून गाडी दिसत नसे, पण ती गेली की मांडणीवरची भांडी किणकिणत. त्या किणकिणण्यावरून लोकल गेली की मालगाडी, हे आजी डोळे मिटून सांगे. पुंज भौतिकीत जड कण प्रत्यक्ष जन्मले नाहीत तरी क्षणभर उसनी ऊर्जा घेऊन डोकावून जातात आणि हलक्या कणांच्या गुणधर्मांची भांडी किंचित किणकिणतात. लेपला टॉप क्वार्क तयार करणं शक्यच नव्हतं, तो फार जड. तरी झेडच्या मापांतल्या बारीक फरकांवरून तो दीडशे ते दोनशे जीईव्हीच्या (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) दरम्यान कुठेतरी असणार, असं लेपच्या लोकांनी सांगितलं होतं. १९९५ मध्ये शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये टॉप सापडला. आज त्याचं वस्तुमान सुमारे १७२.५ जीईव्ही मानतात. त्या शोधातल्या दोन प्रयोगांपैकी डी-झीरोमध्येही टीआयएफआरचे लोक होते. स्टँडर्ड मॉडेल नावाचा आजचा सिद्धांत ज्यांची नावं जाणत नाही, असे कण असतील तर त्यांचीही किणकिण अशीच ऐकू यावी, ही सगळी आशा आहे. म्हणून २.९८४ मधल्या त्या ०.०१६ कडे लोक कान लावून बसले होते.

आणि आता ते पाप. सर्नमध्ये एका भावी यंत्राची आखणी चालू होती. त्यात भाभा विखुरण किती अचूक मोजता येईल याचा अभ्यास करताना पॅट्रिक जानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की कण एकेकटे येत नाहीत, दाट पुंजक्यांनी येतात. खेटून सुटलेल्या इलेक्ट्रॉनला समोरून येणाऱ्या पॉझिट्रॉनांच्या पुंजक्याची विद्युत ओढ लागते आणि तो जरासा आत, नळीकडे खेचला जातो. अगदी जरासा. पण ज्यांना उपकरणाच्या कडेवर नोंदलं जायचं होतं, त्यांतले काही कडेच्या आत निसटतात. म्हणजे खेटून जाणी प्रत्यक्षापेक्षा कमी मोजली गेली, टकरींची संधी कमी धरली गेली आणि डोंगर आहे त्याहून उंच भासला. डोंगर उंच म्हणजे नळ कमी. तूट होती हजारात एक. मग त्यांनी मागे वळून लेपची जुनी मापं तपासली, तर हीच चूक तिथे वीस-पंचवीस वर्षं बसलेली! २०१९ मध्ये हा निबंध आला. पुढच्याच वर्षी जानो आणि पोलंडचे स्टानिस्लाव्ह याडाख यांनी भाभा विखुरणाचं कागदावरचं गणितही आधुनिक माहितीनं पुन्हा केलं. तेही किंचित खाली आलं. दोन्ही दुरुस्त्या धरून न्यूट्रिनोंची संख्या झाली २.९९६३, चूकमर्यादा ०.००७४. तूट संपली. नवं भौतिकशास्त्र सापडलं नाही.

हा निकाल ऐकून एका मित्रानं विचारलं, "म्हणजे एवढा उपद्व्याप फुकट?" मला तसं वाटत नाही. काटा हलतो आहे म्हणून पातेल्यात सोनं आहे असं मानणारे पुष्कळ असतात. पंखा शोधणारा विरळा. आणि यंत्र बंद होऊन दोन दशकं होत आल्यावर, कुणी विचारत नसताना, आपल्याच मंडळींच्या आकड्यात चूक दाखवणं याला एक वेगळी छाती लागते.

म्यूऑनची गोष्ट अशीच, पण तिचा गाजावाजा कितीतरी जास्त झाला. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा २०७ पट जड भाऊ. हा लेख वाचताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एक-दोन म्यूऑन पार होत आहेत. अंतराळातून येणारे कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळून ते तयार होतात, जमिनीपासून पंधराएक किलोमीटरवर. म्यूऑनचं आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा फक्त ६६० मीटर जातो, म्हणजे बारा डब्यांच्या अडीच लोकलएवढं अंतर. मग हे भाईंदरपर्यंत पोचतात कसे? आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार वेगानं धावणाऱ्याचं घड्याळ आपल्याला सावकाश चालताना दिसतं, म्हणून. हे कण मोजले तर सापेक्षतेचा सरळसरळ पडताळा मिळेल, असं १९३८ मध्ये लिहिणारा शास्त्रज्ञ कोण? पुन्हा भाभा. तीन वर्षांनी ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेत डोंगरावर आणि डोंगराखाली म्यूऑन मोजून तो पडताळा दिला.

म्यूऑन हा एक इवलासा चुंबक आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवला तर तो भोवऱ्यासारखा डोलतो. डोलण्याची गती ठरवणारा आकडा भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिराक यांच्या समीकरणाप्रमाणे नेमका २ यायला हवा. पण डोकावून जाणाऱ्या कणांच्या किणकिणीमुळे तो थोडा जास्त येतो. पहिली दुरुस्ती ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये काढली. त्या जास्तीच्या भागाचं माप घेण्याचा उद्योग सर्नमध्ये १९५९ पासून सुरू झाला, मग तो न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनला गेला. तिथे सिद्धांत आणि प्रयोग यांच्यात अंतर दिसलं. खात्री करून घेण्यासाठी २०१३ मध्ये ब्रुकहेवनचं सुमारे १५ मीटर व्यासाचं चुंबकाचं कडं अखंडच उचलून, समुद्रमार्गे आणि नद्यांतून तराफ्यावर आणि शेवटी रस्त्यानं, फर्मिलॅबला आणलं. कडं वाकलं असतं तर सगळं मुसळ केरात.

तिथे मोजणाऱ्यांनी केलेली एक युक्ती मला फार आवडते. प्रयोगाच्या मुख्य घड्याळाची खरी गती त्यांनी स्वतःपासूनच लपवून ठेवली. तो आकडा प्रयोगाबाहेरच्या दोन व्यक्तींनी ठरवला आणि बंद पाकिटात ठेवला. वर्षानुवर्षं विश्लेषण चाललं ते किंचित खोट्या घड्याळावर. का? तर उत्तर हवं तसं येतंय हे दिसलं की माणूस चुका शोधायचं थांबवतो, आणि नको तसं येतंय हे दिसलं की शोधतच बसतो. हा दोष प्रामाणिक माणसातही असतो, किंबहुना त्याच्यातच जास्त. सगळं झाल्यावर पाकीट उघडायचं आणि येईल तो आकडा मुकाट्यानं छापायचा.

७ एप्रिल २०२१ ला आकडा जाहीर झाला. सिद्धांताशी अंतर ४.२ सिग्मा, योगायोगानं इतकं अंतर पडण्याची शक्यता चाळीस हजारांत एक. जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळे झळकले. पण त्याच दिवशी 'नेचर'मध्ये आणखी एक निबंध आला होता. महासंगणकावर सिद्धांताचा आकडा वेगळ्या पद्धतीनं काढणाऱ्या एका गटाचा. त्यांच्या गणितानं अंतर बरंचसं मिटत होतं. म्हणजे या वेळी शंका काट्यावर नव्हती, वहीवर होती. सिद्धांतातला सर्वांत अवघड तुकडा, क्वार्कांमुळे होणारी किणकिण, हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या जुन्या मोजण्यांवरून घेतलेला होता, आणि २०२३ मध्ये रशियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या नव्या मोजणीनं त्या जुन्या मोजण्यांशीच फारकत घेतली. शेवटी मे २०२५ मध्ये सिद्धांतकारांनी महासंगणकाच्या गणिताचा आधार घेऊन नवा आकडा दिला आणि ३ जूनला फर्मिलॅबनं आपला अंतिम. अब्जात १२७ इतकी सूक्ष्म चूकमर्यादा! दोन्ही आकडे आता जुळतात. मात्र सिद्धांताच्या आकड्यातली अनिश्चितता प्रयोगाच्या चौपट आहे, आणि जुन्या व नव्या टकरींच्या मोजण्यांत फरक का पडला याचं उत्तर मिळायचं आहे. त्या टकरींची गणती कशावर होते, हे आता सांगायला नको.

प्रत्येक विसंगती अशी निवळतेच असं नाही. एप्रिल २०२२ मध्ये फर्मिलॅबच्याच सीडीएफ प्रयोगानं डब्ल्यू नावाच्या कणाचं वस्तुमान ८०,४३३.५ एमईव्ही असं सांगितलं, चूकमर्यादा ९.४. सिद्धांत म्हणतो ८०,३५७ च्या आसपास. अंतर सात सिग्मा. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्नच्या सीएमएस प्रयोगानं तेच माप घेतलं : ८०,३६०.२, चूकमर्यादा ९.९. सीएमएसमध्ये टीआयएफआरचा मोठा सहभाग आहे; तिथल्या एका ऊर्जामापकाचा बाहेरचा थर कुलाब्यात तयार झाला. दोन काटे, दोन्ही जवळपास सारखेच बारीक, आणि आकडे इतके वेगळे. माझा कल सीएमएसकडे आहे, कारण इतर प्रयोगांची मापंही तिकडेच झुकतात. पण कल म्हणजे पुरावा नव्हे. पंखा कुठल्या दुकानात फिरतो आहे हे दाखवून देईपर्यंत हा वाद मिटला असं म्हणता येणार नाही.

जपानच्या त्सुकुबामधला बेल-टू हा प्रयोगही सध्या असाच एका फटीकडे पाहतो आहे. त्याच्या सिलिकॉन उपकरणाचा एक थर जोडण्याचं काम टीआयएफआरच्या लोकांनी केलं. बी-मेसॉन नावाचा कण फुटून एक केऑन आणि दोन न्यूट्रिनो निघणं ही अतिशय दुर्मीळ घटना. २०२३ मध्ये या प्रयोगानं तिचा पुरावा दिला, आणि प्रमाण सिद्धांताच्या अपेक्षेच्या जवळपास चौपट आलं. अंतर २.७ सिग्मा. आत्तापर्यंतचा अनुभव पाहता माझी आशा बेताचीच आहे, तरी नव्या मोजणीची वाट मी पाहतो.

ज्या भावी यंत्राच्या आखणीत लेपचं जुनं पाप उघडकीला आलं, त्याचा व्यवहार्यता अहवाल मार्च २०२५ मध्ये सर्ननं प्रसिद्ध केला. भुयाराचा परीघ ९०.७ किलोमीटर, म्हणजे भाईंदरहून चर्चगेटला जाऊन परत येण्याइतका. तिथे झेड तयार होतील पाच लाख कोटींच्या घरात. टकरींची गणती दहा हजारांत एक इतक्या अचूकतेनं करायची आहे, आणि त्यासाठी योजलेलं मुख्य माप पुन्हा लहान कोनातलं भाभा विखुरण हेच आहे.